सीझन पासचा अनुभव: नवं कोस्टर नंतर बघा, आधी जुनी पाणचक्की बघा

आधी निकाल सांगून टाकतो, घाईत असाल तर पुढचं वाचायची गरज नाही. मनोरंजन पार्कांच्या एका मोठ्या साखळीचा, सगळ्या पार्कांत चालणारा सीझन पास मी गेले बरेच महिने वापरतोय. रोलर कोस्टरसाठी घेणार असाल तर थोड्याच फेऱ्यांत पैसे वसूल होतात. पण फाटकातून आत शिरल्यावर आपण दुसऱ्या कुठल्या तरी जगात आलोय असं वाटावं, ही अपेक्षा असेल तर पैसे साठवा आणि वर्षातून एकदाच चांगल्या ठिकाणी जा. साखळीचं नाव लिहीत नाही. मध्यंतरी तिची मालकी बदलली आहे, एवढंच पुरे.

एका दिवसाचं तिकीट काढून गेलं की पार्क नीट दिसतच नाही. या रांगेतून त्या रांगेत धावण्यात दिवस जातो. पास हातात असला की घाई नसते, माणूस त्याच वाटांवरून पुन्हा पुन्हा जातो आणि कोपरे ओळखीचे होतात. मग काय काय कमी होत चाललंय तेही दिसायला लागतं.

आमच्या पार्कात जुन्या खाणवस्तीची थीम असलेला एक भाग आहे. बांधणाऱ्याने मन लावून बांधलाय हे अजूनही कळतं: लाकडी दुकानांच्या पाट्या हाताने रंगवलेल्या, रुळांवर उलटून पडलेली खाणगाडी, मधोमध एक पाणचक्की. मी पास घेतला तेव्हा चक्की बंद होती, पण कुंडात पाणी होतं. पुढे ते पाणी हिरवं झालं. मग उपसलं. सध्या कुंडात खडी भरलेली आहे आणि कडेला फोटो काढायची जागा असल्याची पाटी लावलीय. कशाचा फोटो काढायचा, ते पाटीवर नाही. बोगद्याच्या तोंडाशी एक बोलणारा खाणकामगार होता. आधी त्याच्या अंगावर प्लास्टिक आलं, मग तो गेला आणि त्या जागी शीतपेयाचं मशीन उभं राहिलं. पूर्वी या भागात त्याचं स्वतःचं संगीत वाजायचं. आता सगळ्या पार्कात एकच गाणी वाजतात, मध्ये मध्ये पासचीच जाहिरात. पास घेतलेल्या माणसाला.

याच काळात याच पार्कात एक मोठं, महागडं नवं कोस्टर उभं राहिलं. राइड खरंच जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण स्टेशन म्हणजे पत्र्याची शेड, खांबांखाली खडी, आणि रांग पार्किंगमध्ये लावतात तसल्या लोखंडी कठड्यांची. एवढ्या प्रचंड यंत्रासाठी पैसे निघाले आणि पाणचक्कीच्या पंपासाठी निघाले नाहीत, हे सुरुवातीला मला समजेना.

उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. नवं कोस्टर हा भांडवली खर्च. तो घसाऱ्याच्या रूपाने वर्षानुवर्षांवर वाटला जातो. पंपाची दुरुस्ती, पुतळ्याचं रंगकाम, धुक्याच्या यंत्राची देखभाल, ती करणारा माणूस, हे सगळं चालू खर्चात येतं. आणि अशा कंपन्यांची किंमत ठरते ती एबिटडावर, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या कमाईवर. त्या कमाईच्या इतक्या पट, असा भाव लागतो. कोस्टरचा खर्च या आकड्यात दिसतच नाही, पंपाचा दिसतो. पाच-सात वर्षांत कंपनी विकून बाहेर पडायचं ठरवलेल्या मालकासाठी पंपावर वाचवलेली पै विक्रीच्या वेळी कितीतरी पटींनी परत येते. शिवाय कोस्टरची जाहिरात करता येते. ‘यंदा आमची पाणचक्की फिरते’ अशी जाहिरात कोण करणार?

एवढं कळल्यावर मी इतर पार्कांचा इतिहास याच नजरेने वाचायला घेतला, आणि तिथे याचे नमुने ढिगाने सापडले.

ओहायोतलं किंग्ज आयलंड घ्या. १९९२ मध्ये पॅरामाउंटने ते आणि त्याची भावंडं विकत घेतली. चित्रपट कंपनी मालक असल्यावर राइडवर चित्रपटांची नावं येणारच. २००२ मध्ये तिथे ‘टूम्ब रेडर’ नावाची राइड आली: बंद इमारत, अंधार, दगडी देवता, प्रकाशाचे खेळ, आणि या सगळ्याच्या मधोमध माणसांना उलटंपालटं करणारं एक अजस्र यंत्र. २००६ मध्ये पार्कं सीडर फेअर या पार्क चालवणाऱ्या कंपनीला १२४ कोटी डॉलरना विकली गेली. चित्रपटांचे हक्क कायमचे सोबत आले नाहीत. २००८ मध्ये राइडचं नाव ‘द क्रिप्ट’ झालं, देखाव्याचा बराच भाग काढला गेला आणि अंधाऱ्या खोलीत गरगरणारं यंत्र तेवढं उरलं. २०११ नंतर तेही बंद. त्याच पार्कातल्या ‘टॉप गन’ कोस्टरचं आधी ‘फ्लाइट डेक’ झालं, मग २०१४ मध्ये ‘द बॅट’. ‘द इटालियन जॉब’चं कोस्टर ‘बॅकलॉट स्टंट कोस्टर’ झालं, गाड्या मात्र त्या चित्रपटातल्या मिनी मोटारींसारख्याच राहिल्या. ज्या पोराने तो चित्रपट पाहिला नाही त्याला या मोटारी इथे का, हे कोण सांगणार? मला हे प्रकरण गमतीशीर वाटतं. पाटी बदलायला एक रात्र लागते, थीम मात्र अर्धवट पुसलेल्या खडूसारखी मागे राहते.

बुश गार्डन्सची गोष्ट वेगळी. तिथे मालक बिअर कंपनी होती. १९७५ मध्ये व्हर्जिनियात युरोपातल्या गावांच्या धर्तीवर उभारलेलं पार्क हे ॲनहायझर-बुशसाठी धंद्याइतकंच ब्रँडचं प्रदर्शन होतं, पाहुण्यांना बिअर फुकट मिळायची. २००८ मध्ये इनबेव्ह या दुसऱ्या बिअर कंपनीने ती अख्खी कंपनी ५,२०० कोटी डॉलरना घेतली, आणि एवढ्या कर्जाच्या ओझ्याखाली पार्कं ही पहिल्यांदा विकायची वस्तू ठरली. २००९ मध्ये फुकटची बिअर बंद झाली आणि त्याच वर्षी ब्लॅकस्टोनने, म्हणजे कंपन्या घेऊन पुढे विकणाऱ्या एका गुंतवणूक कंपनीने, पार्कं घेतली. त्यांच्या काळात सगळं वाईटच झालं असं नाही. २०१२ चं ‘व्हरबोल्टन’ छान सजवलेलं कोस्टर आहे. पण ‘कर्स ऑफ डार्ककॅसल’ ही किल्ल्यातली सुंदर अंधारी राइड २०१७-१८ मध्ये कायमची बंद झाली (तोवर कंपनी शेअर बाजारात आलेली होती), आणि २०२३ मध्ये त्याच इमारतीत एक कोस्टर बसलं. प्रोजेक्टर, चष्मे, पडदे, पुतळे असलेल्या अंधाऱ्या राइडला रोज हात लावावा लागतो. कोस्टरलाही लावावा लागतो, पण तो सुरक्षेसाठी, तिथे काटछाट करायची सोय नाही.

याच्या शेजारी जर्मनीतलं युरोपा-पार्क ठेवा. मालक माक कुटुंब. त्यांचा मूळ धंदाच राइड बनवण्याचा, त्यामुळे पार्क म्हणजे ग्राहकांना दाखवायचं दालनही आहे. मे २०१८ मध्ये आगीत त्यांची ‘पायरेट्स इन बटाव्हिया’ ही जुनी, संथ, पुतळ्यांनी भरलेली बोटीची राइड जळून गेली. कोस्टर लावायला याहून चांगलं निमित्त कुठलं? त्यांनी २०२० मध्ये तीच राइड नव्याने बांधून उघडली. नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग तर एका प्रतिष्ठानच्या मालकीचं आहे. लाभांश मागणारे भागधारकच नाहीत, उरलेला पैसा पुन्हा पार्कात जातो. १९५२ पासूनचं तिथलं परीकथांचं जंगल अजून जिवंत आहे, आणि ‘कागद इथे!’ म्हणत कचरा ओढून घेणारा होले बोले खाइस हा लठ्ठ पुतळासुद्धा अजून बोलतो. आमच्या खाणकामगाराला हे भाग्य लाभलं नाही.

आता उलट टोक. ब्रिटनमधली ऑल्टन टॉवर्स, थॉर्प पार्क वगैरे पार्कं २००७ मध्ये मर्लिन या कंपनीच्या ताब्यात आली, आणि त्याच वर्षी मर्लिनने काही जागा ६२ कोटी २० लाख पौंडांना विकून त्याच भाड्याने परत घेतल्या. पार्क त्यांचं, जमीन दुसऱ्याची. भाड्याच्या घरात फरशी कोण बदलतं, तेवढंच इथेही. निदान दरवर्षीचं भाडं आधी बाजूला काढल्याशिवाय पुढच्या खर्चाचा विचार होत नाही, हे नक्की.

पण कुटुंब म्हणजे चांगलं आणि कंपनी म्हणजे वाईट, असं सरळ गणित मांडायला गेलो की २०१० मध्ये अडकतो. त्या वर्षी युनिव्हर्सल ऑरलँडोत हॅरी पॉटरचा भाग उघडला, थीमिंगचा आजचा मापदंड. आणि तेव्हा त्या रिसॉर्टचा निम्मा मालक कोण? ब्लॅकस्टोनच! फरक करारात होता. लेखिकेच्या अटी कडक होत्या. तिथल्या जादूगारांच्या गावात ओळखीच्या कंपन्यांची शीतपेयं नाहीत, त्याऐवजी बटरबिअर. दुकानं अरुंद आणि कोंदट, कारण गोष्टीत ती तशीच आहेत. काटकसर करणाऱ्याचे हात कागदावरच बांधलेले होते. दोन वर्षांत पार्काची गर्दी दीडपटीहून वाढली, आणि थीमिंगवर घातलेला पैसा परत येतो हे हिशेबनिसांनाही दिसलं. २०११ मध्ये ब्लॅकस्टोन बाहेर पडली, २०१३ पासून कॉमकास्ट ही अमेरिकी केबल कंपनी एकटी मालक आहे, आणि मे २०२५ मध्ये ऑरलँडोतच उघडलेलं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क त्याच धड्याचं पुढचं पान. कॉमकास्टहून अवाढव्य कंपनी कुठली आणायची? कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या पार्काचंही तसंच. तेही सीडर फेअरकडेच होतं, ‘क्रिप्ट’वालीच कंपनी. पण डिस्नेलँड रिसॉर्ट चालवलेले मॅट विमेट २०१२ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले, आणि २०१३-१४ मध्ये तिथल्या ओंडक्यांच्या आणि खाणीच्या जुन्या राइडमधले पुतळे नव्याने करून घेतले गेले. मालक तोच, वही तीच, खुर्चीतला माणूस वेगळा.

सगळ्यात बोलकी जोडी मात्र २००१ ची. त्या वर्षी डिस्नेच्या पार्कं आखणाऱ्या एकाच विभागाने आखलेली दोन पार्कं उघडली. फेब्रुवारीत कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर, खर्च सुमारे ६० कोटी डॉलर. सप्टेंबरात टोकियो डिस्नेसी, खर्च सुमारे ३३५ अब्ज येन, म्हणजे त्या वेळच्या दराने चौपटीहून जास्त. पहिल्यात बाजारात तयार मिळणाऱ्या जत्रेतल्या राइड आणि ‘सुपरस्टार लिमो’ नावाची एक राइड, जी वर्षभरही टिकली नाही. दुसऱ्यात धूर ओकणारा ज्वालामुखी, बंदरं, व्हेनिसचे कालवे, धक्क्याला लागलेली प्रचंड बोट. कारागीर तेच. मग फरक कुठे? टोकियोतली पार्कं डिस्नेची नाहीतच. मालक ओरिएंटल लँड कंपनी, आणि तिचे मोठे भागधारक एक रेल्वे कंपनी आणि एक जमीन-इमारतींचा धंदा करणारी कंपनी. डिस्नेला उत्पन्नातला वाटा मिळतो, खर्च पूर्ण ओरिएंटल लँडचा. या कंपनीचं सगळं त्या एका भरावाच्या जमिनीवर उभं आहे. तिला तिथून विकून पळायचं नाही, पैसा फिरवायला चित्रपट नाहीत, वाहिन्या नाहीत. कॅलिफोर्नियात मात्र पार्क हे कंपनीच्या अनेक खात्यांपैकी एक होतं, आणि फाटकाबाहेर डिस्नेलँड असल्यामुळे लोक येतीलच असा हिशेब होता. आले नाहीत. २००७ मध्ये ११० कोटी डॉलरची डागडुजी जाहीर करावी लागली, म्हणजे मूळ खर्चाच्या जवळजवळ दुप्पट. २०१२ मध्ये कार्स लँड उघडल्यावर ते पार्क पार्कासारखं दिसू लागलं. अर्थात ओरिएंटल लँडही धर्मादाय संस्था नाही, २०२२ पासून तिथेही रांग चुकवायचे पैसे घेतात.

आता पासबद्दलच्या उरलेल्या गोष्टी भराभर. ॲप बरं आहे, रांगेची वेळ मात्र फुगवून सांगतं. कामाच्या दिवशी बऱ्याच राइडवर एकच गाडी चालवतात, त्यामुळे गर्दी नसतानाही रांग हलत नाही. खाण्याची सवलत फक्त ठरावीक ठेल्यांवर. रांग चुकवायचा वेगळा पट्टा पासधारकांना थोडा स्वस्त पडतो, पण तो घेतलात तर कथा सांगणारी जुनी रांग बाजूलाच राहते, आणि ज्या एक-दोन राइडची रांग अजून शाबूत आहे तिथे तो घेऊच नका.

पास देण्यामागचं गणितही लक्षात घ्या. पासधारक आधीच पैसे देऊन बसलेला असतो, एका फेरीत फारसा खर्च करत नाही, आणि काही बिघडलं तरी पुढच्या आठवड्यात परत येतो. मालकाच्या दृष्टीने वातावरणावर खर्च करावा असा तो ग्राहकच नाही. त्याला परत खेचायला वर्षाआड एक नवं यंत्र पुरतं. म्हणजे त्या पाणचक्कीच्या खडीत थोडा वाटा आम्हा पासवाल्यांचाही.

पुढच्या वर्षी मी पास घेणार आहे, पण खालचा, एकाच पार्काचा. कोस्टर तेवढे आवडतात. घेण्याआधी तुम्ही एक करा: एका दिवसाचं तिकीट काढून जा आणि पार्कातल्या सगळ्यात जुन्या सजवलेल्या भागात अर्धा तास काढा. पाणी वाहतंय का, पुतळे हलतात का, त्या भागाचं स्वतःचं संगीत ऐकू येतं का, एवढं बघा. तिन्ही असेल तर वरचा पास बिनधास्त घ्या. आणि कुठलाही घेतलात तरी आपोआप नूतनीकरणाची खूण खरेदीच्या वेळी आधीच केलेली असते. ती ॲपमधून निघत नाही, संगणकावरून खात्यात जाऊन काढावी लागते, तीही मुदत संपायच्या महिनाभर आधी.