डिग्री झाली, आता नोकरी की मास्टर्स? की परीक्षा, की एक वर्ष थांबायचं?

माझं मत आधीच सांगायचं तर, डिग्रीनंतरचा निर्णय घेताना 'मला आयुष्यभर काय करायला आवडेल' हा प्रश्न सरळ बाजूला ठेवा. त्याचं उत्तर एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी बहुतेकांकडे नसतंच, आणि नसलं म्हणून काही बिघडत नाही. त्याऐवजी समोर असलेल्या प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारा. हे मला जमतंय का, झेपतंय का, हे कळायला किती वेळ लागेल? आणि नाहीच जमलं तर बाहेर पडायला काय मोजावं लागेल, म्हणजे पैसे, वर्षं, आत्मविश्वास सगळं धरून? बाकी पगार, प्रतिष्ठा, घरच्यांचं म्हणणं हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण ते नंतर.

असं म्हणण्याला कारण आहे. २०१३ साली 'सायन्स' या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, १८ ते ६८ वयाच्या १९,००० पेक्षा जास्त लोकांचा. त्यात काहींना विचारलं की गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, आणि काहींना विचारलं की पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल. स्वभाव, मूल्यं, आवडीनिवडी, सगळ्याबद्दल. जवळजवळ प्रत्येक वयात लोक म्हणाले की मागे खूप बदललो, पण आता पुढे फारसं बदलणार नाही. म्हणजे आपण नेहमीच समजतो की आता आपण 'फायनल' झालो, आणि तसं होत नाही. मग आजच्या आवडीवर चाळीस वर्षांचा प्लॅन कशाला उभा करायचा? आणि हिशोबच करायचा तर आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे, ४० वर्षं काम धरलं की होतात ८०,००० तास. त्यातली पहिली दोन वर्षं म्हणजे ४,००० तास, फक्त ५ टक्के. या ५ टक्क्यांत स्वतःबद्दल काय कळेल ते बघा, एवढंच काम आत्ता आहे.

आता पर्याय.

लगेच नोकरी

कळायला लागणारा वेळ: साधारण सहा महिने ते वर्ष. बाहेर पडायचा खर्च: बहुतेक वेळा एक नोटीस पीरियड. माझ्या दोन प्रश्नांवर नोकरी म्हणूनच वर येते. कॉलेजात 'मला डेटा आवडतो' किंवा 'मला लोकांबरोबर काम करायला आवडतं' असं म्हणणं सोपं असतं, पण रोज आठ तास तेच करायचं, बॉसचा मूड सांभाळून, डेडलाइन डोक्यावर असताना, तेव्हा त्यातलं किती खरं होतं ते कळतं आणि पगार मिळत असताना कळतं.

पहिली नोकरी चुकली तर करिअर बसलं, ही भीती मला फार जणांमध्ये दिसते, आणि ती खरंच मनातून काढून टाका. अमेरिकेतल्या तरुण पुरुष कामगारांवरचा १९९२ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यात पहिल्या दहा वर्षांत माणूस साधारण सात नोकऱ्या करताना दिसला, आणि त्या काळात वाढलेल्या पगाराचा किमान एक तृतीयांश भाग या नोकरी बदलण्यातून आला होता. जुना आहे, एकाच देशाचा आहे, आकडे तुमच्याकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण सुरुवातीला इकडून तिकडे जाणं हे भरकटणं नसून त्यातूनच आपली जागा सापडते एवढं त्यातून नक्की दिसतं. मंदीत पास झालेल्यांचंही तसंच. कॅनडातल्या ग्रॅज्युएट्सवरचा २०१२ चा अभ्यास सांगतो की मंदीत बाहेर पडलेल्यांचा पगार सुरुवातीला साधारण ९ टक्क्यांनी कमी राहतो आणि ती तूट भरून यायला दहा वर्षांच्या आसपास लागतात. वाईट आहे, पण जे लवकर भरून काढतात ते चांगल्या कंपन्यांत उडी मारून काढतात, मिळालेल्या जागी चिकटून बसून नाही.

तोटे? आहेत की. एकदा दर महिन्याला पगार यायला लागला की खर्च त्याच्या मापाने वाढतात, मग हप्ते लागतात, आणि 'दोन वर्षांनी शिकायला जाईन' म्हणणारे जात नाहीत. अभ्यासाची सवय मोडते. आणि प्रोफेसर तुम्हाला विसरतात, हे कुणी सांगत नाही. पुढे मास्टर्सला अर्ज करायची दहा टक्के जरी शक्यता असेल तरी रेकमेंडेशन लेटरबद्दल कॉलेज सोडण्याआधीच दोन-तीन शिक्षकांशी बोलून ठेवा, तुम्ही कोणत्या प्रोजेक्टवर काय केलं ते एका पानावर लिहून त्यांना द्या. तीन वर्षांनी मेल केला तर त्यांना तुमचा चेहराही आठवणार नाही, त्यांचा दोष नाही त्यात.

ऑफर लेटर आलं की लोक आधी पगाराचा आकडा बघतात, तिथे थांबू नका. त्या आकड्यातलं फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती, नोटीस पीरियड एक महिन्याचा की तीन, प्रोबेशनमध्ये कोण कोणाला किती दिवसांत सोडू शकतं, आणि बाँड आहे का, असेल तर किती वर्षांचा आणि मोडला तर किती भरायचे. हे सगळं वाचायला वीस मिनिटं लागतात. नोकरीचा सगळ्यात मोठा फायदा हाच की सहज सोडता येते, आणि दोन वर्षांचा बाँड असेल तर तो फायदाच गेला, मग पगार पाच-दहा टक्के जास्त असला तरी मी कुणाला ती नोकरी घे म्हणणार नाही.

मास्टर्स

इथे सरसकट उत्तर नाही, कारण मास्टर्स करण्याची कारणंच वेगवेगळी असतात.

काही क्षेत्रांत पुढची डिग्री म्हणजे दरवाजाच आहे. ज्या कामाला लायसन्स लागतं, संशोधन करायचंय, किंवा पूर्ण क्षेत्रच बदलायचंय, तिथे त्या डिग्रीशिवाय कुणी आत घेत नाही, मग नोकरीत दोन वर्षं घालवून काय मिळणार? सरळ जा. फक्त रचना नीट बघा. अमेरिकेत बऱ्याच विषयांत बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला घेतात, युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं, ब्रिटनमध्ये मास्टर्स बऱ्याचदा एका वर्षात होतं आणि बाकी युरोपात दोन वर्षं लागू शकतात. एक वर्ष आणि दोन वर्षं यात फीपेक्षा बुडालेल्या पगाराचा फरक मोठा असतो. आणि एमबीए म्हणत असाल तर नामांकित ठिकाणी वर्गातली बहुतेक मुलं काही वर्षं नोकरी करून आलेली असतात, म्हणजे तिथे आधी नोकरी हाच रस्ता समजा.

दुसरं कारण पगारवाढ. यावर भावनेने बोलू नका, कागद घ्या. समजा आज मिळणारा पगार वर्षाला १०० आहे. दोन वर्षं शिकायला गेलात तर २०० बुडाले, फी १५० धरा, एकूण ३५० गेले. दोन वर्षांनी तुम्हाला मास्टर्सवर १३० मिळाले, पण नोकरीत राहिलेला मित्र तोपर्यंत ११५ वर पोचलेला असतो, म्हणजे फरक वर्षाला १५ चा. ३५० भागिले १५, तेवीस वर्षं लागतील नुसती भरपाई व्हायला, कर्जाचं व्याज तर धरलंच नाही अजून. तेच मास्टर्सनंतर १७० मिळणार असतील तर फरक ५५ चा आणि सहा-साडेसहा वर्षांत हिशोब बरोबर. बहुतेक लोक तुलना १०० आणि १३० ची करतात, ती ११५ आणि १३० ची करायला हवी. यातले आकडे माझे आहेत, तुमचे तुम्ही घाला, आणि मास्टर्सनंतरचा पगार कॉलेजच्या ब्रोशरमधून घेऊ नका, गेल्या दोन बॅचच्या पाच-सहा जणांना स्वतः विचारून घ्या, ज्यांना लवकर नोकरी लागली नाही त्यांनाही शोधून विचारा.

तिसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही, ते म्हणजे काय करायचं ते कळत नाहीये आणि सगळे मित्र जातायत. हे कळकळीने सांगावंसं वाटतं, गोंधळ पुढे ढकलायचा मास्टर्स हा सगळ्यात महाग मार्ग आहे. दोन वर्षांनी गोंधळ तोच असतो, वर कर्ज असतं, आणि 'एवढं शिकलो तर त्यातच काहीतरी करायला पाहिजे' हा दबाव असतो. कारण वर्गात कळतं ते विषय आवडतो का, काम आवडतं का ते इंटर्नशिप मिळेपर्यंत कळतच नाही. कळायला उशीर आणि बाहेर पडायला महाग, दोन्ही प्रश्नांवर मागे.

नोकरी असो की मास्टर्स, त्या कामात तीन-चार वर्षं घालवलेल्या माणसाशी बोला, पण 'फील्ड कसं आहे, स्कोप आहे का' हे विचारू नका, त्यावर सगळे छापील उत्तर देतात. विचारा की परवा मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलं, तासातासाचं सांगा. एका मार्केट रिसर्चवालीला हेच विचारलं तर ती म्हणाली, सकाळचे दोन तास दुसऱ्या टीमने चुकीच्या कॉलममध्ये टाकलेले आकडे शोधून जागेवर आणले, मग क्लायंटचा कॉल, त्यांना ग्राफचा रंग बदलून हवा होता, मग लंचनंतर तीन तास एकटीने बसून लोकांची उत्तरं वाचली आणि त्यात एक अशी गोष्ट सापडली जी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. हे सांगताना शेवटच्या वाक्याला तिचा आवाज बदलला. आता तुम्ही ठरवा, त्या तीन तासांसाठी पहिले दोन-तीन तास रोज सहन होतील का? हो असेल तर ते काम तुमचं असू शकतं. क्षेत्राच्या नावावरून हे कधीच कळत नाही.

सरकारी किंवा स्पर्धा परीक्षा

या वाटेला जाणाऱ्यांच्या मेहनतीबद्दल मला पूर्ण आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहायला हवं. तयारीची वर्षं तुम्हाला परीक्षेबद्दल सांगतात, त्या नोकरीबद्दल काहीच सांगत नाहीत. आणि बाहेर पडायचा खर्च दर प्रयत्नाला वाढत जातो, कारण 'थोडक्यात गेलं' म्हटलं की आणखी एक वर्ष, मग आणखी एक, आणि बायोडेटावर त्या वर्षांसमोर लिहायला काही नसतं. जायचंच असेल तर पहिला अर्ज भरण्याआधी किती प्रयत्न ते लिहून घरच्या एका माणसाला द्या. निकाल लागल्यावर ठरवायचं म्हटलं तर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. जमलं तर अर्धवेळ काहीतरी काम चालू ठेवा, तास कमी मिळतील पण परतीचा रस्ता उघडा राहतो.

एक वर्ष थांबणं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. करायला काय आहे हे ठरलेलं असेल, म्हणजे कुणाकडे शिकाऊ म्हणून राहणं, स्वतःचं काहीतरी छोटं विकून बघणं, आजारी माणसाची काळजी, तर चांगलं. खूप दमलेले असाल तर दोन-तीन महिने झोपा, फिरा, गरज असते त्याची. पण तारीख नसलेला गॅप नको, तो आपोआप लांबतो.

सगळं करूनही दोन पर्याय अगदी बरोबरीला आले तर? यावर अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांचा एक अभ्यास आहे, २०२१ साली छापून आलेला. निर्णय होत नसलेल्या लोकांनी वेबसाइटवर नाणं उडवायचं आणि सहा महिन्यांनी कसं वाटतंय ते कळवायचं, अशा २०,००० च्या वर नाणेफेकी झाल्या. मोठ्या निर्णयांमध्ये ज्यांनी बदल केला ते, नाण्याच्या कौलामुळे केला असला तरी, जसंच्या तसं ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. म्हणजे खरोखरच पन्नास-पन्नास असेल तर ज्यात काहीतरी नवीन करावं लागतंय तिकडे झुका. पण खरोखर बरोबरीचं असेल तरच हं, घरच्यांना तोंड द्यायला नको म्हणून बरोबरीचं वाटत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे.

आणि हातात नोकरीची ऑफर आणि मास्टर्सचं ॲडमिशन दोन्ही असेल तर लगेच एकाला नाही म्हणू नका. बऱ्याच युनिव्हर्सिटी ॲडमिशन एक वर्ष पुढे ढकलू देतात, कंपन्या तसं सहसा करत नाहीत. आजच ॲडमिशन ऑफिसला मेल टाका, डेफरल मिळेल का, स्कॉलरशिप त्याबरोबर पुढे जाईल की नव्याने अर्ज करावा लागेल, डिपॉझिट किती आणि ते परत मिळतं का. उत्तर लेखी येऊ द्या, फोनवर 'हो चालेल' म्हणाले तर तेच मेलवर मागून घ्या, आणि मगच ऑफर लेटरवर सही करा.