दाढ काढल्यावरचा क्लोरहेक्सिडीन माउथवॉश: कामाचा, पण वापरता आला तर

हाडात अडकलेली अक्कलदाढ काढल्यावर औषधांच्या चिठ्ठीवर ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक बहुधा असतेच. औषध चांगले आहे, फुकट जाते ते वापरण्याच्या पद्धतीमुळे.

पहिले २४ तास गुळणी नको. खाचेतली रक्ताची गुठळी टिकली तरच जखम नीट भरते. ती निघाली की हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका जातो. हाच ‘ड्राय सॉकेट’. माउथवॉश हा धोका कमी करतो, पण सिगारेट चालू ठेवून त्याच्या भरवशावर राहू नये.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-रात्र १० मिली, मिनिटभर. जोरात खुळखुळायचे नाही, डोके कलते करून तोंडात फिरवायचे आणि पिचकारी न मारता सांडू द्यायचे. टूथपेस्टनंतर निदान अर्धा तास थांबा, कारण पेस्टमधले फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट याचा प्रभाव मारते. हे बाटलीवर ठळक छापायला काय हरकत आहे?

चव कडवट, आणि काही काळ जेवणाचीही चव बिघडते. दातांवर तपकिरी डाग पडतात, चहाबाजांना जास्त. ते दवाखान्यातल्या सफाईत निघतात, तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपुढे वापरू नये.

अर्धवट उगवलेल्या दाढेवरची हिरडी सुजली असेल, तर नुसती गुळणी अपुरी. हिरडीच्या पापुद्र्याखाली ती पोचत नाही, तिथले अन्नकण डॉक्टर सिरिंजने धुऊन काढतात. ताप, तोंड न उघडणे किंवा गिळताना त्रास असेल तर बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.