मोतीबिंदूची लेन्स: मोनोफोकल घ्यावी की मल्टिफोकल?

घरात कुणाच्या तरी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतं आणि दवाखान्यातून डोळ्यात बसवायच्या कृत्रिम लेन्सच्या दरांचा कागद हातात पडतो. किमती काही हजारांपासून पार लाखाच्या घरात. आईवडिलांसाठी स्वस्तातली निवडायला मुलांचं मन धजत नाही. पण महागडी लेन्स प्रत्येक डोळ्याला चांगली असं नसतं, आणि हे पैसे भरण्याआधीच कळायला हवं.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवते. बहुधा दूरचं. म्हणजे बसची पाटी, समोरून येणारा माणूस चष्म्याविना दिसतो, पेपर किंवा पोथी वाचायला मात्र चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्स डोळ्यात येणारा प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून देते, त्यामुळे चष्मा बराचसा सुटतो. या वाटणीची किंमत रात्री मोजावी लागते. दिव्यांभोवती वलयं दिसतात, अंधुक उजेडात कडा पुसट होतात. काही महिन्यांत बहुतेकांना त्याची सवय होते, काहींना होत नाही.

म्हणून आधी दिनक्रम पाहा. चोर्ला घाटातून रात्री गाडी चालवणारा, पहाटेच्या अंधारात होडी काढणारा, काल्याच्या नाटकात प्रखर दिव्यांसमोर उभा राहणारा हौशी नट, यांना मी मोनोफोकलच सुचवेन. दिवसभर दुकानात हिशेब, मोबाइल आणि गिऱ्हाईक यांत नजर फिरवणाऱ्या, रात्री वाहन न चालवणाऱ्या आणि चष्म्याला खरोखर कंटाळलेल्या माणसाला मल्टिफोकल शोभेल, मात्र डोळ्याचा पडदा निरोगी हवा.

गोव्यात ही पडद्याची अट फार महत्त्वाची आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं: २६.४ टक्के. मधुमेहाने पडदा बिघडला असेल किंवा काचबिंदूने नस दुबळी झाली असेल, तर प्रकाश वाटणारी लेन्स उरलेल्या नजरेवर आणखी भार टाकते. तेव्हा लेन्सचं बोलणं सुरू होण्याआधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या आणि साखर आटोक्यात आणा. काचबिंदूने गेलेली नजर कुठलीच लेन्स परत आणत नाही.

जास्तीचे पैसे खर्च करायला मी सांगेन ते एका ठिकाणी: चष्म्यात सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा, नंबर मोठा असेल तर तो भरून काढणारी टोरिक लेन्स. ती मोनोफोकलमध्येही मिळते आणि दूरची नजर खरोखर सुधारते.

ऑपरेशनच्या पद्धतीवरून फार घोळ घालू नये. फेको नावाच्या पद्धतीत अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात. दुसऱ्या पद्धतीत छेद सहा-सात मिलिमीटरचा असतो, पण तिलाही सहसा टाके लागत नाहीत. फेकोनंतर नजर लवकर स्थिरावते. खूप कडक झालेल्या मोतीबिंदूला कधी दुसरी पद्धतच बरी पडते. सरकारी इस्पितळात किंवा शिबिरातून साधी मोनोफोकल बसवली म्हणून आईला कमी दर्जाचं काही दिलं, असं मनाला लावून घेऊ नका. दूरचं पाहायला ती उत्तमच असते.

‘अजून पिकला नाही’ म्हणून थांबण्याचा काळ मात्र गेला. उलट मोतीबिंदू कडक झाला की ऑपरेशन अवघड होतं. जिना उतरताना पायरी चुकू लागली, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपू लागले, की वेळ झाली असं समजा. थेंब टाकून मोतीबिंदू विरघळत नाही. पावसाळ्याचीही अडचण नाही, चवथीच्या धावपळीत औषधं चुकतील एवढंच पाहा. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत समुद्रात किंवा नदीत उतरायचं नाही.

महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसलं तर लेन्समागचं पातळ आवरण गढुळलं असेल. ते लेझरने काही मिनिटांत मोकळं होतं. पण ऑपरेशननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला आणि नजर उतरू लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी इस्पितळ गाठा.