शाश्वत वनव्यवस्थापन शिकवण्याआधी: कार्यशाळा की जंगलातला दिवस?

हा विषय वर्गात घेण्यापूर्वी कार्यशाळेला बसावे की वनाधिकाऱ्यांबरोबर जंगलात जावे, असे एका शिक्षिकेने विचारले आहे. वेळ आणि श्रम पाहता कार्यशाळा सोपी. संकल्पनांसाठीही तीच बरी; जितके वाढते तितकेच तोडावे, हा १७१३ मध्ये जर्मन खाण-अधिकारी कार्लोविट्झ यांनी मांडलेला विचार किंवा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एफएससी या, जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांना प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पद्धत बसूनच नीट कळते.

मतपरिवर्तनाच्या निकषावर मात्र दोहोंची बरोबरी होऊच शकत नाही. ‘झाड तोडणे म्हणजे जंगल संपवणे’ असे मनापासून मानणारा शिक्षक विरळणी झालेल्या, म्हणजे दाटी कमी करण्यासाठी काही झाडे तोडलेल्या, पट्ट्यात उभा राहतो, जमिनीपर्यंत पोहोचलेल्या उन्हात तरारलेली बोटभर रोपे पाहतो, ताज्या खुंटावरची वाढवलये मोजताना झाडांच्या दाटीच्या वर्षांतली वलये किती अरुंद आहेत हे बोटाने चाचपतो, तेव्हा त्याचा प्रश्न ‘तोडावे का’ असा न राहता ‘कोणते, किती आणि कशासाठी’ असा होतो. यंत्राच्या चाकांखाली दबलेली माती पाहिल्यावर तो भाबडा समर्थकही होत नाही, आणि मला हे अधिक मोलाचे वाटते.

ज्यांना व्याख्या आणि नियम लवकर पक्के करायचे आहेत, त्यांना कार्यशाळा पुरेशी आहे. ज्यांच्या स्वतःच्याच मनात वृक्षतोडीविषयी शंका आहे, त्यांनी आधी जंगलात जावे.