बाग क्लबची वर्षाची मेंबरशिप: व्याख्यानं ठीकठाक, गच्च्या मात्र चुकवू नका

मेंबरशिप खरं तर आईसाठी घेतली होती. तिचे गुडघे दुखतात, एकटीला रिक्षात चढ-उतर जमत नाही म्हणून पहिल्या दोन कार्यक्रमांना मी नुसता ड्रायव्हर म्हणून गेलो आणि तिसऱ्याला आई घरी असतानाही एकटाच जाऊन बसलो, यावरून काय ते समजा. कोथरूडमधला आमच्या भागातला छोटा क्लब आहे, बहुतेक मंडळी रिटायर्ड, आम्ही चाळिशीतले चार-पाच म्हणजे तिथली तरुण पिढी. वर्षाचे हजार रुपये, त्यात महिन्याला एक व्याख्यान आणि वर्षभरात पाच बागभेटी, बसचे पैसे वेगळे.

व्याख्यानांचं आधी सांगतो. निम्मी झोप आणतात. प्रोजेक्टर चालू होईपर्यंत वीस मिनिटं, मग आभार, मग गुच्छ (बाग क्लबात प्लास्टिक गुंडाळलेला गुच्छ देतात, असो). जीवामृतावर, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खतावर, बोलायला एक सर आले होते, माणूस जाणकार, पण सगळी मापं शेतकऱ्याची: 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, तेवढंच गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन. अहो, समोर बसलेल्यांकडे तीन फुटी बाल्कनी आहे! मी घरी येऊन सगळ्याला वीसने भागलं, म्हणजे 10 लिटरला अर्धा किलो शेण आणि 100-100 ग्रॅम गूळ-बेसन, आणि बादली बाल्कनीत ठेवली तर दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर "कसला वास येतोय" सुरू. हे सरांनी सांगायला हवं होतं ना.

गुलाब छाटणीचं व्याख्यान मात्र पैसे वसूल. प्रोजेक्टर नाही काही नाही, बाईंनी पाच कुंड्याच आणल्या आणि समोर कात्री चालवली. पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटायचं, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या ठेवायच्या नाहीत, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या (म्हणजे फुटणाऱ्या कोंबाच्या) जरा वर तिरका काप द्यायचा. आमची आई "एवढं कापलं तर मरेल गं ते" म्हणून मागून ओरडली, सगळे हसले. घरी तिने जीव मुठीत धरून तसंच कापलं आणि साधारण दीड महिन्याने, डिसेंबर लागता लागता, आमच्या लाल गुलाबाला एका वेळी सात कळ्या होत्या. याआधी दोनच्या वर कधी गेला नव्हता.

आता भेटी. गणेशखिंडची बाग 1873 ची, 2020 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून दर्जा मिळालाय, जुनी झाडं बघून मान दुखते, पण आम्ही पोचेपर्यंत ऊन चढलं होतं कारण बस पाऊण तास उशिरा निघाली. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या फुलांच्या प्रदर्शनाला ग्रुपने जाण्यात काही अर्थ नाही, गर्दीत निम्मे हरवतात आणि उरलेला वेळ त्यांना फोन करण्यात जातो, तुमचं तुम्ही सकाळी लवकर जा. तळेगावचं गुलाबांचं पॉलीहाऊस फेब्रुवारीच्या आधी बघितलं, व्हॅलेंटाइनच्या ऑर्डरची धावपळ, कळी उमलायच्या आत काढून लांबीप्रमाणे वेगळी करून लगेच थंड खोलीत. छान होतं, पण घरी करण्यासारखं त्यात काही नाही.

खरी मजा गच्च्यांवर. सहकारनगरमधल्या एका काकूंची गच्ची बघितली, विटांचे वाफे, त्यात माती जवळपास नाहीच, सगळा पाचोळा, उसाची चिपाडं आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्यामुळे स्लॅबवर वजनही कमी. वांगी, पडवळ, हळद, एका ड्रममध्ये चक्क लिंबू. पण मला आवडला तो टाकीमागचा कोपरा. तिथे काकूंनी मेलेल्या झाडांच्या रिकाम्या कुंड्या ठेवल्यात आणि प्रत्येकीवर खडूने कारण लिहिलंय: "पाणी जास्त", "मिलीबग", "लेकीकडे गेले होते". एकीवर नुसतं "हे". म्हणजे काका! काका शेजारीच चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

तिथेच मी आमच्या अनंताच्या झाडाचं रडगाणं गायलो. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, कळ्या गळतात, शेणखत घातलं, गांडूळखत घातलं, फरक शून्य. काकूंनी फोटो बघितला आणि एकच विचारलं, "पाणी टँकरचं का रे?" आमच्याकडे टँकर आणि बोअरचंच. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आणि अनंताला आंबट माती लागते. अशा पाण्याने मातीचा आंबटपणा जातो, मग मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही. म्हणाल्या, चिलेटेड आयर्न (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) दे आणि पावसाचं पाणी साठवून तेच घाल. वर्षभर व्याख्यानं ऐकून मला हे कळलं नव्हतं.

तक्रारी दोन. गच्चीभेटीला पंचवीसच जणांना नेतात, ते बरोबरच आहे, पण नावं व्हॉट्सअपवर घेतात आणि दहा मिनिटांत यादी फुल, त्यात वरची सात-आठ नावं कायम तीच. आणि काही मेंबर न विचारता फांद्या तोडून पर्समध्ये टाकतात. काकू मागितलं की कागदात गुंडाळून देत होत्या, मग चोरायचं कशाला?

मी पाचात चार देईन. पुढच्या वर्षीचे पैसे आईने मला न विचारता भरून टाकलेत. बाल्कनीत आता पावसाच्या पाण्याचा निळा ड्रम आलाय, अनंताची नवी पानं हिरवीगार फुटलीत, आणि त्या ड्रममधलं मगभर पाणी मी गाडी पुसायला घेतलं म्हणून परवा मला जेवताना ऐकून घ्यावं लागलं.