कमांडोज: हिरव्या त्रिकोणाच्या कडेकडेने

‘कमांडोज: बिहाइंड एनिमी लाइन्स’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ आला १९९८ साली. बनवला माद्रिदच्या पायरो स्टुडिओजने, बाजारात आणला आयडॉसने. दुसरं महायुद्ध, दोस्त राष्ट्रांची सहा माणसं, वीस मिशन. खोक्यावरचं चित्र पाहून धडाधड गोळीबाराचा मामला असेल असं वाटतं, आणि त्या समजुतीने पिस्तूल काढून पुढे जाणारा पहिल्या मिशनमध्ये दोन मिनिटांत गारद होतो. इथे लढाई जवळजवळ नाहीच. आहे तो लपूनछपून पुढे सरकण्याचा खेळ, आणि आज पंचवीसहून जास्त वर्षांनी तो पुन्हा लावला तरी त्याची पकड ढिली झालेली नाही. कारण एकच: या खेळाचे नियम थोडे आहेत आणि तो ते कधीच मोडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे नजरेचा त्रिकोण. कोपऱ्यातलं डोळ्याचं चिन्ह उचलून एखाद्या जर्मन शिपायावर टाकलं की त्याची नजर जमिनीवर हिरव्या रंगात उमटते आणि डावीकडून उजवीकडे झुलत राहते. जवळचा पट्टा फिकट हिरवा, लांबचा गडद. फिकट पट्ट्यात तुम्ही उभे असा की आडवे, दिसणारच. गडद पट्ट्यात मात्र पोटावर सरपटणारा माणूस दिसत नाही. नव्याने खेळणारे नेमके इथे घोटाळा करतात. त्रिकोण दिसला की ते सगळाच टाळायला बघतात आणि मग वाटच सापडत नाही. खरी वाट बहुतेक वेळा त्या गडद पट्ट्यातूनच जाते.

अडचण अशी की एका वेळी एकाच शिपायाचा त्रिकोण दिसतो. बाकीच्यांचा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो. त्यावर एक उपाय खेळातच आहे, पण तो फार कमी जण वापरतात: डोळा शिपायावर न टाकता जमिनीवर टाकायचा. मग ती जागा कुणाच्या नजरेत आली की खुणेपासून त्याच्यापर्यंत रेघ ओढली जाते. जिथे प्रेत टाकायचं आहे किंवा जिथे थांबून राहायचं आहे, तिथे आधी ही खूण लावून दोन पूर्ण फेऱ्या नुसतं बघत बसावं. कंटाळवाणं वाटेल, पण पुढचे वीस लोड (म्हणजे मरून जुन्या सेव्हपासून पुन्हा सुरू करणं) वाचतात.

आता सहा गडी. ग्रीन बेरेकडे सुरा, आवाज करून लक्ष वेधणारं छोटं यंत्र, भिंती चढायचं कसब आणि मऊ जमिनीत स्वतःला पुरून घेण्यासाठी फावडं. स्नायपरकडे दुर्बिणीची रायफल, पण गोळ्या मोजक्या, मिशनगणिक वेगळ्या. मरीन पाण्याखाली जातो तेव्हा कुणालाच दिसत नाही, त्याच्याकडे हार्पून आणि हवा भरून फुगवायची नाव. सॅपर म्हणजे स्फोटकांचा माणूस, त्याच्याकडे बॉम्ब, हातबॉम्ब, तार कापायची पक्कड आणि जबड्याचा सापळा. ड्रायव्हर ट्रकपासून रणगाड्यापर्यंत काहीही चालवतो, प्रथमोपचाराची पेटीही त्याच्याकडे असते. सहावा गुप्तहेर, तो वाळत घातलेला जर्मन गणवेश पळवतो आणि मग उघड्यावर फिरतो. यातला एकही मेला तर मिशन संपलं.

पिस्तूल सगळ्यांकडे आहे आणि त्याच्या गोळ्या कधीच संपत नाहीत. हीच मेख. फुकटची गोष्ट म्हणून हात तिकडे जातो, पण एका गोळीत शिपाई पडत नाही आणि आवाज मात्र आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जातो. ओरड झाली की भोंगा वाजतो, बराकीतून आणखी शिपाई बाहेर पडतात आणि गस्ती सुरू होतात. पिस्तुलाचा खरा उपयोग दुसराच आहे: लांबून स्फोटक पिंपावर नेम धरणे.

हे पहिल्याच मिशनमध्ये शिकवलं जातं. जागा नॉर्वे, काम रेडिओ केंद्र उडवायचं, गडी तीन: ग्रीन बेरे, मरीन आणि ड्रायव्हर. सॅपर दिलेलाच नाही, म्हणजे बॉम्ब नाही. मध्ये नदी, ती ओलांडायला मरीनची नाव. पिंपं उचलण्याइतकी ताकद फक्त ग्रीन बेरेत. ती केंद्राला चिकटवून ठेवायची, लांब जाऊन एक गोळी झाडायची आणि गाडीतून पसार व्हायचं. म्हणजे तिघांपैकी एकालाही एकट्याने हे काम जमणार नाही, अशी रचना मुद्दाम केलेली आहे. पुढची एकोणीस मिशन याच तत्त्वाची अवघड होत गेलेली रूपं आहेत.

एक प्रसंग नीट जवळून पाहू, कारण असला प्रसंग प्रत्येक नकाशावर दहा वेळा येतो. एक पहारेकरी भिंतीशी जागेवर उभा. दुसरा भिंतीच्या कडेने येरझारा घालतो आणि परत वळला की त्याची नजर पहिल्याच्या पाठीवर पडते. तुमच्याकडे फक्त ग्रीन बेरे. साहजिकच मनात येतं की उभ्याला आधी मारावं, तो हलत नाही, सोपा आहे. पण दुसरा वळला की प्रेत दिसलं आणि बोंब झाली. म्हणून आधी हलणारा. त्याच्यावर डोळा टाकून दोन फेऱ्या बघायच्या आणि कोणत्या टोकाला तो जास्त वेळ थांबतो ते हेरायचं. त्या टोकापलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यामागे, आवाजाचं यंत्र ठेवायचं, पण चालू करायचं नाही. स्वतः त्याच्या बाजूला आडवं पडायचं. तो टोकाशी आला की यंत्र चालू. तो कुतूहलाने कोपरा वळून आत येतो, यंत्राकडे तोंड करून उभा राहतो, आणि पाठ तुमच्याकडे. सुरा. यंत्र लगेच बंद, नाहीतर दुसराही येईल आणि तोही समोरून. प्रेत खांद्यावर घेऊन आडोशाला टाकायचं, आणि यंत्र उचलून पाठीच्या पिशवीत ठेवायचं. हा शेवटचा टप्पा हमखास विसरला जातो, मग नकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर यंत्र लागतं आणि ते तिकडेच पडलेलं असतं.

उभा असलेला आता एकटा उरला. मागून सरपटत जायचं, पण लक्षात ठेवा, सुरा चालवताना ग्रीन बेरे उठून उभा राहतो. लांबवरचा तिसरा कुणी गडद पट्ट्यातून इकडे बघत असेल तर आतापर्यंत न दिसलेले तुम्ही नेमक्या त्याच क्षणी दिसता. ‘काहीच केलं नाही तरी पकडलं’ अशी तक्रार असते, ती बहुतेक वेळा या उठण्यामुळे.

बर्फावर आणि वाळूवर आणखी एक भानगड: पावलांचे ठसे उमटतात. शिपायाला ते दिसले की तो मागावर येतो. घाईत असाल तर हा शाप, पण मुद्दाम ठसे उमटवून एखाद्याला कोपऱ्यात ओढून आणता येतं आणि आवाजाचं यंत्र दुसऱ्या कामाला मोकळं राहतं. एकट्या फिरत्या शिपायासाठी सॅपरचा सापळाही तितकाच चोख, त्याच्या वाटेवर लावून ठेवायचा आणि नंतर उचलून घ्यायचा. तीन-चार जणांच्या गस्तीपुढे मात्र सुरा, सापळा काहीच चालत नाही. तिथे वेळ साधून मधून निघून जायचं, नाहीतर बॉम्ब.

कंट्रोल-एस म्हणजे झटपट सेव्ह, कंट्रोल-एल म्हणजे लोड. या दोन बटणांवरच अख्खा खेळ चालतो. यावरून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या, हा खेळ तसाच खेळायचा आहे. फक्त एक पथ्य: शिपायाने मान वळवायला सुरुवात केल्यावर कधीही सेव्ह करू नका. झटपट सेव्ह जुन्यावरच बसतो, आणि मग दर लोडला तुम्ही अर्ध्या सेकंदात मरता, बाहेर पडायची वाटच नाही. प्रत्येक मोठा टप्पा पार पडला की मेनूत जाऊन वेगळा सेव्ह ठेवावा.

वीस मिशन सारख्या ताकदीची नाहीत. ‘मेनेस ऑफ द लिओपोल्ड’ या सहाव्या मिशनमधली ती अजस्र तोफ आणि ‘चेस ऑफ द वुल्व्हज’मधला पाणबुड्यांचा तळ, ही दोन सगळ्यात घट्ट विणलेली. आफ्रिकेतल्या नकाशांवर उघडं वाळवंट जास्त, आडोसा कमी, त्यामुळे तिथे विचारापेक्षा चिकाटी जास्त लागते. ‘द एंड ऑफ द बुचर’ स्नायपरसाठी आहे आणि तिथे एक गोळी वाया गेली तरी हिशोब चुकतो. शेवटच्या टप्प्यात मात्र नकाशा मोठा करून आणि शिपाई वाढवून अवघडपणा आणलेला आहे. त्यात अक्कल कमी, मेहनत जास्त. हा खेळाचा खरा दोष.

दुसरा दोष दृश्याचा. चित्रं हाताने सजवलेल्या देखाव्यासारखी सुरेख, आजही बघत राहावीत अशी, पण कोन एकच. घराच्या मागे काय चाललं आहे ते फिरवून बघता येत नाही. त्याबदल्यात पडद्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात वेगळी जागा दाखवता येते, आणि एखादा तुकडा ठरावीक माणसावर लावूनही ठेवता येतो. दोन गड्यांनी एकाच वेळी दोन कामं करायची असतील तर हे हवंच, कारण खेळ थांबवून आधी हुकूम द्यायची सोय इथे नाही. ती सोय या जातीच्या पुढच्या खेळांत आली. २०१६च्या ‘शॅडो टॅक्टिक्स’मध्ये खेळ न थांबवता का होईना, आधी हुकूम देऊन ठेवता येतात, २०२०च्या ‘डेस्पराडोज ३’मध्ये त्यासाठी खेळही थांबतो, आणि ती सोय वापरल्यानंतर इकडे परतताना बोटं थोडी अडखळतात.

पुढच्या भागांबद्दल मतं टोकाची आहेत, म्हणून आमचं स्पष्ट सांगतो. १९९९चा ‘बियाँड द कॉल ऑफ ड्यूटी’ आठ मिशनचा, त्यात दगड फेकणं आणि सिगारेटचं पाकीट टाकून शिपायाला ओढणं आलं. पण तो पहिला भाग पूर्ण केलेल्यांसाठीच आहे, सुरुवात तिथून करू नये. २००१चा ‘कमांडोज २’ दिसायला अधिक देखणा: नकाशा फिरतो, घरांच्या आत जाता येतं, शिपायांचे खिसे तपासता येतात, चोर आणि कुत्रा असे नवे गडी मिळतात. बहुतेक जण त्यालाच सर्वोत्तम म्हणतात. पण वस्तूंचा इतका पसारा झाला की एका अडचणीला सहा सोपे तोडगे सापडतात, आणि पहिल्या भागातला तो ‘आता माझ्याकडे फक्त हेच आहे’ असा पेच नाहीसा होतो. कोड्याच्या दृष्टीने पहिला भागच वरचढ. २००६चा ‘स्ट्राइक फोर्स’ हा नेमबाजीचा खेळ, त्याचा या कुळाशी नावापुरता संबंध. २०२५ साली कॅलिप्सोने आणलेल्या ‘कमांडोज: ओरिजिन्स’मध्ये हेच सहा जण पहिल्यांदा एकत्र येतात, आणि खेळ थांबवून एकदम हुकूम देण्याची सोयही त्यात आहे. ज्यांना जुन्या खेळाची खडबड सोसवत नाही त्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

आज मूळ खेळ घ्यायचा तर तो स्टीम आणि जीओजी या दोन्ही ऑनलाइन दुकानांत मिळतो. जीओजीवर पहिला भाग आणि त्याची पुरवणी ‘बियाँड द कॉल ऑफ ड्यूटी’ एकत्र आहे. कॉपी केलेल्या सीडीवरचे जुने इन्स्टॉलर शोधत बसू नका, ते नव्या विंडोजवर अडतात. अधिकृत प्रतीतही एक त्रास होऊ शकतो: खेळ वाजवीपेक्षा भरभर पळतो आणि माउस कडेला नेला की नकाशा सुसाट सरकतो. तो जुन्या, संथ मशिनच्या हिशोबाने बांधलेला असल्यामुळे हे होतं. डीजीव्हूडूसारखं, जुने खेळ नव्या मशिनवर नीट चालवणारं साधन बसवून फ्रेमची गती कमी केली की बहुतेक ठिकाणी ठीक होतं. त्यासाठी खेळ सुरू करणारी फाइल शोधताना ती ‘कमांडोज’ नावाने सापडली नाही तर स्पॅनिश पद्धतीने एकच ‘एम’ घालून शोधा. चित्र ताणलं जाऊ नये म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये ४:३ हे प्रमाण कायम ठेवा. बाजूला काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. ताणलेल्या चित्रात त्रिकोणाचा अंदाज चुकतो.

प्रत्येक मिशन पूर्ण झालं की पुढच्याचा पाच अक्षरांचा पासवर्ड मिळतो. तो कागदावर लिहून ठेवा, मशिन बदललं तरी थेट त्या मिशनवर जाता येतं. आणि अगदीच अडकलात तर खेळ चालू असताना १९८२ आणि त्याला जोडून इंग्रजीत ‘गोन्झो’ टाइप करा, मग कंट्रोल-शिफ्ट-एन दाबा, मिशन ओलांडलं जाईल. काही आवृत्त्यांत त्याऐवजी ‘गोन्झोअँडजॉन’ (GONZOANDJON) लागतं. हा गोन्झो म्हणजे खेळाचा मुख्य रचनाकार गोन्झालो सुआरेझ. कंट्रोल-आय दाबून गड्यांना अमर करण्याची सोयही त्यातच आहे, पण ती लावलीत तर डोळ्याच्या चिन्हाला हात लावायची गरजच उरत नाही, आणि मग खेळायला शिल्लक काही राहत नाही.