मेटल डिटेक्टर कोकणात चालतो का? पाच महिने घरच्यांनी मिळून वापरल्यावरचा रिव्ह्यू

मशीन डिसेंबरात घेतलं. लगेच लिहिणार होते पण म्हटलं आधी नीट वापरू, कारण घेताना मला मराठीत एकही धड रिव्ह्यू सापडला नव्हता, सगळे व्हिडिओ बाहेरच्या देशातले, तिकडची शेतं तिकडची माती, आणि आपल्याकडे खाली जांभा नि पुढे खारी वाळू, त्यातलं काहीच लागू पडत नाही. हे कोकणात राहणाऱ्यांसाठी आणि सुट्टीत पोरांना घेऊन गावी येणाऱ्यांसाठी लिहितेय.

आम्ही चिपळूणला असतो, सासर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या पलीकडे समुद्राला लागून. शनिवार-रविवार बहुतेक गावीच. दिवाळीत नणंदेची अंगठी पुळणीवर पडली, आम्ही सात माणसांनी दोन तास हातांनी वाळू उपसली, नाहीच मिळाली. तेव्हा ह्यांनी ऑनलाइन हे मशीन बघून ठेवलं. अंगठी अजूनही मिळालेली नाही, आधीच सांगून टाकते.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच साच्यातलं मशीन वेगवेगळ्या नावांनी विकायला असतं. आमचं सिंगल फ्रिक्वेन्सीवालं (एकाच वारंवारतेवर चालणारं), दहा इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची खालची गोल चकती), स्क्रीनवर आकडा दिसतो, चार पेन्सिल सेल लागतात, १२,५०० ला पडलं. कॉइल वॉटरप्रूफ आहे पण वरचा डबा नाही, हे बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि जाहिरातीत नुसतं वॉटरप्रूफ. जाहिरातीत असंही होतं की दोन मीटर खोल पकडतं आणि सोनं ओळखतं. दोन्ही खोटं. एक रुपयाएवढं नाणं असेल तर पाच-सहा इंच, फार तर सात, त्यापुढे काही नाही. आणि सोनं वगैरे ओळखत नाही हो कुठलंच मशीन, कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत बारीक प्रवाह फिरायला लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं ते दुसरी कॉइल पकडते, बस एवढंच. धातू वीज किती वाहून नेतो आणि आकाराने केवढा आहे त्यावरून आकडा येतो. म्हणून नाजूक सोन्याची अंगठी आणि बिअरच्या टिनची कडी ह्यांचा आकडा जवळजवळ सारखाच येतो, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद पण त्याच्याच आसपास. कचरा नको म्हणून तो आकडा बंद केलात, म्हणजे त्यावर मशीनने आवाजच करायचा नाही असं लावलंत, तर अंगठी पण गेली. आम्ही पहिले दोन महिने तो बंद ठेवूनच फिरत होतो, कुणी सांगितलंच नव्हतं.

लोखंडाचं पण तसंच. हल्लीची एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, लोखंड बंद केलं की ती पण जाऊ शकतात. पाचाचं पिवळं नाणं मात्र खणखणीत आवाज देतं.

आता कोकणातला खरा प्रश्न. पहिल्याच दिवशी हौसेने घरासमोर खळ्यात चालू केलं तर जिथे न्याल तिथे ओरडतंय. मला वाटलं खराबच आलं, परत पाठवायचं ठरवलं. मग कळलं की दोष जांभ्याचा आहे, जांभा लाल का तर त्यात लोह भरलेलं, मशीनला सगळी जमीनच धातू वाटते. महाग मशीनमध्ये ग्राउंड बॅलन्स स्वतः लावता येतो, म्हणजे त्या जमिनीचा आवाज वजा करायचा नि मग शोधायचं. आमच्यात तो कंपनीने एकदाच लावून दिलाय, बदलता येत नाही. सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर आणली तर ओरडणं थांबतं पण मग दोन इंचाखालचं काही कळत नाही. त्यामुळे आमचं मशीन सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) आणि जांभ्याच्या आवारात शून्य मार्क. तुम्ही घेणार असाल तर पैसे थोडे जास्त गेले तरी हाताने लावता येणारा ग्राउंड बॅलन्स असलेलंच घ्या, ह्या एका गोष्टीवर मी अडून बसेन.

समुद्रावर तीन वेगळे प्रकार. सुरूच्या बनापासून भरतीच्या रेषेपर्यंतची कोरडी वाळू म्हणजे ह्या मशीनचं माहेर, शांत, स्वच्छ, आवाज आला की तिथे काहीतरी आहेच. ओली वाळू मात्र डोकेदुखी, खाऱ्या पाण्यातून वीज वाहते त्यामुळे लाट येऊन गेली की मशीन कुरकुरतं. मल्टी फ्रिक्वेन्सीवाली मशीन ह्यात बरीच चांगली, पण आमच्या बजेटच्या पार बाहेर. आणि तिसरा प्रकार काळी वाळू. माझं माहेर मालगुंडकडचं, तिथे लाट मागे सरली की वाळूवर काळे पट्टे उठतात, रत्नागिरीच्या त्या किनाऱ्यावर इल्मेनाइट, म्हणजे लोह असलेलं काळं खनिज, आहे. लहानपणी शाळेतलं चुंबक त्यात फिरवून काळे केस काढायचो आम्ही. तिथे मशीन नेलं तर खळ्यातल्यासारखीच गत, दहा मिनिटांत परत गाडीत टाकलं.

वेळ ओहोटीची. अण्णा, म्हणजे माझे सासरे, ते तिथीवरून सांगतात, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाणी लांबपर्यंत मागे जातं, पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघायचं आणि पाण्याच्या मागे मागे उतरत जायचं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी फारसं मागे जात नाही तेव्हा, जाण्यात अर्थ नाही. कॉइल वाळूला जवळजवळ टेकवून हळू फिरवायची, झाडू मारल्यासारखी उचलली की संपलं. हे माझ्या सात वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी जमलं, ह्यांना महिना लागला.

खणायला आम्ही दापोलीत एका वेल्डिंगवाल्याकडून स्टीलच्या भोकाच्या पत्र्याचा स्कूप करून घेतला ४०० रुपयांत, ऑनलाइन तोच खूप महाग होता. वाळू गळून जाते, वस्तू राहते. हातमोजे पाहिजेतच, गंजके खिळे, मासे धरायचे गळ, फुटक्या बाटल्या सगळं निघतं. जाळ्याला लावायची शिशाची वजनं फार निघतात आमच्याकडे, शिसं विषारी, पोरांनी ते हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावायचा नाही.

पाच महिन्यांत काय मिळालं त्याची मुलीने वही ठेवलीय (ती १२ ची आहे, वहीचं सगळं तिचं खातं). ११८ रुपयांची चालू नाणी, कमळवालं वीस पैशाचं पिवळं नाणं एक, भोकाचे पैसे दोन, तांब्याचे होडीचे खिळे, एक समई मोडून उरलेला पितळी तुकडा, तीन चाव्या आणि दोन मोठ्या बादल्या भरून कचरा. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मधला, युद्धात धातू वाचवायला मधे भोक पाडायचे, हे अण्णांनी सांगितलं तेव्हा धाकटा तो करंगळीत घालून दिवसभर फिरला. नंतर वर्ष वाचायला घेतलं तर ४४ का ४५ ह्यावरून दोघांची मारामारी. मला विचाराल तर मशीनचे पैसे तिथेच वसूल झाले.

आणि एक जोडवं. फेब्रुवारीत शेजारच्या वाडीतल्या एक मावशी आल्या, सुकी मासळी वाळत घालताना पायातलं जोडवं गेलं, लग्नातलं. तीन दिवस झाले होते, वर किती पावलं पडून गेली असतील. ह्यांनी काठीने चौकोन आखले आणि एकेक चौकोन आडवा-उभा तपासला. एक तास झाला तरी खिळे आणि पत्र्याची झाकणंच. मग धाकट्याने हेडफोन मागितला, दोन मिनिटं फिरवून म्हणाला, "आई, हा आवाज वेगळाय, गोड आहे." चांदीचा आवाज उंच आणि गोल येतो, लोखंडासारखा तुटका नाही. स्कूप घातला, चाळला, आणि काळपट झालेलं जोडवं वर. मावशींनी ते पदराने पुसलं, तिथेच वाळूत बसून पायात घातलं आणि मग रडायला लागल्या. आम्हाला सुके बोंबील नि सोडे दिले, नको म्हटलं तर म्हणाल्या "वहिनी, नाय म्हणायचा नाय."

आता जे सांगायचंय ते नीट वाचा, कारण ह्यावर विक्रेते एक अक्षर बोलत नाहीत.

किल्ल्यांवर मशीन न्यायचं नाही. सुवर्णदुर्ग आमच्या समोर दिसतो, मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं की तिथे जाऊया का. नाही. संरक्षित स्मारकात खणणं हा गुन्हा आहे, आणि सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण कायदा सोडा, अण्णांनी मुलांना जे सांगितलं ते मला जास्त पटलं. आमच्या जवळ केळशीला वाळूची मोठी टेकडी आहे, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. तिथे वाळूचे थर आहेत, खापरं आहेत, आणि कुठली वस्तू कुठल्या थरात मिळाली ह्यावरून त्या थराचा काळ लावता येतो. नाणं उपटून खिशात घातलं की नाणं राहतं पण थराचा साक्षीदार गेला, तो परत कुणालाच लावता येत नाही.

स्वतःच्या जागेत जुनं मिळालं तरी ते लगेच आपलं होत नाही. निखात निधीचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, लपवलं तर वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. आम्हाला मार्चमध्ये आगरात माडाच्या आळ्याजवळ एक तांब्याचं नाणं मिळालं (आगराची माती वाळूची, म्हणून मशीन तिथे चालतं). ओल्या कापडाने सुद्धा पुसलं नाही, तरी "श्री राजा" एवढं वाचता येत होतं. शिवराई. अण्णा खाली बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले महाराजांच्याच काळातली असेल असं नाही हो, पेशवाईत पण पाडायचे, पण आहे ती शिवराई. पुढे खणलं नाही, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढले, विहिरीपासून किती पावलं ते मुलीने वहीत लिहिलं, आणि सोमवारी ह्यांनी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. मुलगा रडला, अर्थातच. मला पण ती घरात ठेवायला आवडली असती.

दुसरा त्रास गुप्तधनाचा. मशीन आलंय कळल्यावर पंधरा दिवसांत तिघे येऊन गेले, आमच्या जुन्या घराच्या जोत्याखाली काहीतरी आहे, रात्री येऊन बघा, एकाने तर अमावास्या सांगितली. अण्णांनी तिघांना चहा पाजून दारातूनच परत पाठवलं. ह्या नादात माणसं देशोधडीला लागतात, आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. ऑनलाइन ज्या एल आकाराच्या सळ्या मिळतात, शंभर फुटांवरचं सोनं दाखवतात म्हणे, त्यांच्या आत काही नसतं, हाताच्या हलण्यावर फिरतात त्या. एक पैसा घालवू नका.

कासवांचं पण बघायला लागतं. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले मादी आमच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येते, वेळास आंजर्ल्याचे कासव महोत्सव माहीत असतील. एका घरट्यात शंभरावर अंडी असतात, फूट-दीड फूट खाली, आणि नेमकी भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत, म्हणजे जिथे मशीन सगळ्यात चांगलं चालतं तिथेच. म्हणून आम्ही आधी कासवमित्रांना विचारतो, रात्री कधीच जात नाही, आणि त्या महिन्यांत चार इंचाच्या खाली स्कूप घालत नाही. जोडव्याच्या वेळी पण आधी विचारूनच खणलं. पोलीस पाटलांना पहिल्याच आठवड्यात मशीन दाखवून आलो, किनाऱ्यावर यंत्र घेऊन फिरणारी अनोळखी माणसं बघून लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे. विसर्जनाच्या जागेवर शोधायचं नाही हा अण्णांचा नियम, पाण्याला दिलेलं परत घ्यायचं नाही.

मशीनला पाचपैकी तीन. अर्धा मार्क हेडफोनच्या सॉकेटचा कापला, दोन महिन्यांत सैल झालं, विक्रेत्याने फोन उचलणंच बंद केलं, शेवटी इथल्याच रेडिओ दुरुस्तीवाल्याने डाग देऊन दिला. दीड मार्क ग्राउंड बॅलन्सचा. वजन सव्वा किलोच्या आसपास, मोठ्यांना ठीक, मुलाला पंधरा मिनिटांत खांदा दुखतो म्हणून पाळी लावलीय. घरी आलं की कॉइल गोड्या पाण्याने धुवायची, सेल काढून ठेवायचे, नाहीतर खाऱ्या हवेने स्प्रिंगा आठवड्यात हिरव्या होतात.

आता पाऊस तोंडावर आलाय, मशीन पुसून माळ्यावर गेलं. पावसात समुद्र पुळण खरवडून नेतो, तीन-चार फूट सुद्धा, आणि मग खालचं जड सामान उघडं पडतं, असं अण्णा म्हणतात. नणंद दिवाळीला येणार आहे. ती अंगठी जिथे पडली तिथे सुरूच्या तिसऱ्या झाडापासून बावीस पावलं, मुलीच्या वहीत पहिल्याच पानावर आहे.